सोबत कोण आहे जी?

महाराष्ट्रातून गडचिरोलीला दोन प्रकारची माणसं जातात. एक, तिथंच जन्मलेली, म्हणजे घरी परत जाणारी. आणि दुसरी, साहेबाच्या मर्जीतून उतरलेली. तिसऱ्या प्रकाराला सरकारदरबारी रकानाच नाही. त्यामुळे मी रजा टाकून, पदरचे पैसे मोडून, एकटाच चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरांत पायी फिरायला निघालोय, असं ऑफिसात सांगितलं तेव्हा हेडक्लार्कनी आधी उठून दार लावून घेतलं.

"ऑर्डर निघाली का?" ते हळूच म्हणाले. "निघाली नसेल तर मंत्रालयात माझा साडू आहे."

मी म्हटलं, बदली नाही, हौस आहे. त्यांना ते पटलं नाही. माझ्या रजेच्या अर्जावर कारण 'पर्यटन' असं होतं. ते त्यांनी मायेपोटी स्वतःच्या हातानं खोडून 'कौटुंबिक अडचण' केलं. पुढं चौकशी निघाली तर तेवढंच बरं.

दर शनिवारी रात्री पाठीला पिशवी लावून सह्याद्रीत जाणारे माझे पुण्याचे मित्र आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "तिकडं डोंगर आहेत?" कळसूबाईच्या १६४६ मीटरची सवय झालेल्या माणसाला उरलेला महाराष्ट्र सपाटच वाटतो. आता या लोकांना काय सांगावं? सह्याद्रीतला डोंगर उघडावाघडा. पायथ्यापासून कडा दिसतो, बुरूज दिसतो, बुरुजावरचा भगवा दिसतो आणि भगव्याखाली सेल्फीसाठी लागलेली रांगही दिसते. टिपागड, सूरजागड, भामरागड या बाजूचा डोंगर मुळात दिसतच नाही. साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू, मधे बांबू. धाप लागली की समजायचं डोंगर आला. चढायचं काही उरलं नाही की समजायचं माथा आला. माथ्यावरून काय दिसतं? झाडं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला, त्याची दोन तृतीयांशाहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. बाकीची जंगलाच्या वाटेवर आहे.

हंगाम मात्र पाहून जावं. चंद्रपूरचा पारा जून २००७ मध्ये ४९ अंशांवर गेला होता. त्या हवेत गिर्यारोहण करायला शहरातली एखादी गच्चीही पुरते. मी थंडीत गेलो.

उद्देश एकच: एकांत. हल्ली एकट्यानं फिरण्याचं माहात्म्य फार वाढलंय. माणूस स्वतःला भेटतो म्हणतात. मलाही स्वतःला भेटायचं होतं, घरी वेळ मिळत नाही. पण या दोन जिल्ह्यांत स्वतःला भेटायला निघालेल्या माणसाला आधी बाकी सगळे भेटतात. बल्लारशाच्या फलाटावर उतरल्यापासून जो प्रश्न सुरू झाला तो शेवटपर्यंत सुटला नाही. रिक्षावाला, लॉजवाला, कंडक्टर, पानठेल्यावर खर्रा घोटत बसलेला पोरगा, सगळे नाव विचारण्याआधी एकच विचारतात: "सोबत कोण आहे जी?"

चंद्रपुरातल्या लॉजवर रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पायी फिरणे'. मॅनेजरनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं. "मोटर बंद पडली का जी?" मग माझ्या पाठीवरच्या पिशवीवरून त्यांनी अंदाज बांधला की मी औषध कंपनीचा माणूस असणार आणि संकोचापोटी बोलत नसणार. रात्री त्यांनी स्वतःचं पित्त सांगितलं.

पहिला टप्पा ताडोबा. आता इथला कायदा सरळ आहे. १९५५ पासून हे राष्ट्रीय उद्यान आणि अंधारी अभयारण्याला जोडून १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. गाभ्यात पर्यटकानं पाय खाली टेकवायचा नाही. चालण्यासाठी घेतलेले ते महागडे बूट, घोट्याला आधार देणारे, चिखलातसुद्धा न घसरणारे, मी जिप्सीच्या पत्र्यावर ठेवून मोहर्लीच्या गेटातून आत गेलो. जिप्सी सहा जणांची. एकट्यानं घ्यायची तर सहा जणांचे पैसे. म्हणून मला नागपूरच्या एका कुटुंबात बसवून दिलं: आई, वडील, दोन मुलं आणि एक आत्या. गाइड सक्तीचा, ड्रायव्हर अर्थातच. आत्यानं गाडी हलायच्या आत विचारलं, "बायको नाही आली?" आणि उत्तराची वाट न पाहता मला शंकरपाळे दिले. मोबाइल गेटवरच जमा झालेला, त्यामुळे फोन आल्याचं सोंगही करता येईना.

वाघ दिसला. रस्त्याच्या मधोमध, निवांत, कुणाला ओळख न देता चालला होता. सगळे श्वास रोखून बघत होते, मी मत्सरानं बघत होतो. अख्ख्या ताडोबात एकट्यानं पायी हिंडायची मुभा असलेला हा एकच प्राणी. आणि त्याच्याही मागं नऊ-दहा जिप्स्या हळूहळू येत होत्या.

तिथून गडचांदूरकडे, माणिकगडावर. खाली अमलनाल्याचं धरण, वर काळ्या दगडाचा किल्ला. तो नागवंशी राजांचा म्हणून सांगतात. पुढं जिवतीचं पठार. या तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्राचाही हक्क आणि तेलंगणाचाही. माणसांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं, नाव दोन्ही मतदारयाद्यांत, एक शाळा मराठी आणि एक तेलुगू. उमेदवारही दोन्हीकडचे येऊन हात जोडतात. ज्या गावात सरकारसुद्धा एकटं नाही, तिथं माझ्यासारख्याला एकटा कोण सोडणार? पठारावर सरळ चालत गेलो तरी दर फर्लांगाला कुणीतरी मोटरसायकल थांबवून 'बसा' म्हणायचं. पायी चाललोय म्हणजे पैसे संपले असणार, हा तिथला साधा आणि दयाळू हिशेब.

खरी कसोटी पेरजागडाला लागली. नागभीड तालुक्यातला हा डोंगर, सातबहिणीचा डोंगर म्हणून जास्त ओळखीचा. पायथ्याच्या गावात एका चहाच्या टपरीवर मी रस्ता विचारला. मावशींनी चहा ओतता ओतता विचारलं, "सोबत कोण आहे जी?"

"कोणी नाही."

चहाची धार थांबली. "मंग कसे जाता?"

"पायानं."

त्यांनी टपरीमागं तोंड करून भाच्याला हाक मारली. भाचा लगेच तयार झाला, कारण तो कॉलेजात जाणं टाळायला काहीतरी शोधतच होता. पण त्याची एक अडचण होती. मी वरून दुसऱ्या बाजूनं उतरलो तर? मग त्याला एकट्याला परत यावं लागणार. हे मला नाकारता येईना. म्हणून त्यानं मित्राला घेतलं. मित्राचा धाकटा भाऊ घरी एकटाच होता, त्याला तसं ठेवणं बरोबर नाही असं मावशींचंच मत पडलं. तेवढ्यात बाकावर उपरणं डोळ्यांवर ओढून बसलेले एक आजोबा उठले. त्यांना डोंगराच्या वाटेवरच्या वावरात जायचं होतं. "सकाळपासून सोबत पाहून रायलो," ते मला म्हणाले, "बरं झालं तुम्ही आले." म्हणजे त्यांच्या लेखी मीच त्यांना सोडायला आलो होतो. आजोबांमागं त्यांचं कुत्रं. कुत्र्यालाही एकट्यानं जायचं नसावं. त्यानं गल्लीतलं दुसरं बोलावून घेतलं.

अशी ती एकट्या माणसाची पदयात्रा निघणार, तोच भाच्यानं माझ्या मानेजवळ नाक आणून वास घेतला. "सेंट मारला का जी?"

डिओडरंट, म्हटलं.

त्यानं मला हातपंपापाशी नेलं. वरच्या कड्याला आग्या मोहोळं लागलेली असतात, त्यांना सुगंध आणि धूर दोन्ही खपत नाहीत. माशी उठली तर पळायला जागा नाही. मित्रानं पंप हापसला आणि भाच्यानं भर रस्त्यात माझी मान आणि काखा खसाखसा धुतल्या. मावशींनी कपडे धुण्याची वडी पुढं केली, पण तिलाही वास निघाला म्हणून ती परत गेली. गावातली बरीच पोरं हे बघायला जमली होती. मी एकांताचा विचार करत उभा राहिलो.

चढताना नियम असा की तोंड बंद ठेवायचं नाही. माझ्या वाचनात आलं होतं की रानात मौन पाळावं. ते लिहिणाऱ्यानं अस्वल पाहिलेलं नसावं. इकडं वाघापेक्षा अस्वलाचा धाक जास्त. वाघ बहुतेकदा आपला रस्ता धरतो; अस्वल झुडपात मान खाली घालून खाण्यात गुंतलेलं असतं, माणूस अचानक पुढ्यात आला की दचकतं आणि आधी फाडतं. म्हणून त्याला लांबूनच वर्दी द्यायची: गप्पा, खोकला, भजन, भांडण, काहीही चालतं. आजोबा तर वाटेतल्या वळणावळणाला आपल्या सुनेबद्दल मोठ्यानं बोलत होते. त्यांचं वावर आलं तरी ते थांबले नाहीत, विषय अर्धा राहिला असता. मात्र कड्याजवळ आलं की एकदम चिडीचूप, कारण आता मधमाश्या. खाली अस्वलासाठी आवाज, वर माश्यांसाठी शांतता. पण नेमका कुठल्या दगडापासून कायदा बदलतो ते कुणालाच माहीत नव्हतं. मधल्या टप्प्यात आम्ही सगळे कुजबुजत्या आवाजात ओरडत होतो.

माथ्यावर लोक सात बहिणींना हात जोडतात. मीही जोडले. तेव्हा लक्षात आलं की देवीसुद्धा इथं एकटी राहत नाही, सातजणी मिळून राहतात. भाचा दगडावर बसला, खिशातली पन्नी काढली, आत सुपारी, तंबाखू आणि चुना. तळहातावर पन्नी दाबून दोन्ही अंगठ्यांनी त्यानं खर्रा असा काही घोटला, की कॉलेजात एवढं लक्ष दिलं असतं तर पोरगं इंजिनिअर झालं असतं. पहिली चिमूट पाहुण्याला. मी नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. "मंग तुम्ही इथं करता काय जी?" खर्रा खायचा नाही, लाकूड न्यायचं नाही, मध काढायचा नाही, नवस नाही. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी समोरची झाडं दाखवली. त्यानंही सौजन्य म्हणून थोडा वेळ झाडांकडे पाहिलं.

१८७८ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांतून असाच पायी फिरला होता आणि पुढच्या वर्षी आलेलं त्याचं पुस्तक एकट्या भटक्यांच्या देवघरात अजून आहे. त्याच्यासोबतही मोडेस्टीन नावाची एक गाढवीण होतीच. बिचाऱ्याची निम्मी ताकद तिला चालवण्यात गेली. पण निदान ती गाढवीण परतीच्या सोबतीसाठी दुसरी गाढवीण मागत नव्हती.

हे सगळं हसण्यावारी न्यावं असं मात्र नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातला मोठा वाटा चंद्रपूरचा. आणि इथली माणसं रानात हौसेनं जात नाहीत. मार्च-एप्रिलात पहाटे अंधारात मोहफुलं वेचायची, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायचा. मोह वेचायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला चौपायी जनावरासारखा दिसतो असं म्हणतात. वाघाचं मत कळायला मार्ग नाही, पण दर हंगामात कुणाच्या तरी घरी बाई परत येत नाही. त्या गावात पाठीवर रंगीत पिशवी अडकवून 'मी एकटाच जाणार' म्हणणं म्हणजे थोडं आगाऊपणाचंच. मावशी सोबतीचं विचारत होत्या त्यामागं एवढं सगळं होतं.

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या पाण्याच्या पिशवीला ठाऊक नव्हतं. ट्रेकवाल्यांकडे हल्ली एक सोय असते: पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची रबरी पिशवी, तिची नळी खांद्यावरून तोंडापर्यंत. चालता चालता ओढायचं. नाक्यावरच्या पोलीस भाऊंनी ते पाहिलं. पाठीवर पिशवी, पिशवीतून नळी, नळी तोंडात, आणि चेहऱ्यावर उन्हातल्या चालण्यानं आलेली तांबूस तृप्ती.

"आत काय हाय?"

"पाणी."

त्यांनी नळीतून एक घोट घेतला. मग दुसऱ्यानं घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पाणीच हाय," पहिले म्हणाले, आणि त्या आवाजात निव्वळ कर्तव्यपूर्तीचा आनंद नव्हता. मग त्यांनी माझ्या घडीच्या काठ्या उघडून पाहिल्या. ॲल्युमिनियमच्या, जोडीनं, चालायला आधार. किंमत ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. "काठी तर रानात फुकट भेटते नं जी," असं शेवटी म्हणाले. मला ते कुठल्याही दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

आलापल्लीचं जंगल, सागाच्या उंच सरळ खोडांचं, बघावं तेवढं थोडंच; मान दुखते म्हणून थांबायचं. पुढं कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प. पूर्वी लाकडं ओढणारे हत्ती आता पाहुण्यांना दर्शन देतात. आणि यांना हिवाळ्यात रीतसर सुट्टी मिळते. त्या सुट्टीत औषधी वनस्पतींच्या काढ्यानं त्यांचे पाय शेकतात, त्याला चोपिंग म्हणतात. सरकारी सेवेत राहून, रजा मंजूर होऊन, वर पाय शेकून मिळतात आणि अर्जावर कौटुंबिक अडचण लिहावी लागत नाही. मी माझ्या तळपायांवरचे फोड त्यांच्या माहुताला दाखवले. त्यानं ते नीट पाहिले आणि "यांच्या मानानं काहीच नाही" म्हणाला. या पाळीव मंडळींखेरीज २०२१ च्या अखेरीपासून छत्तीसगडच्या बाजूनं रानटी हत्तींचा कळपही जिल्ह्यात आला आहे. तेही कळपानंच फिरतात, हे वेगळं सांगायला नको.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा मिळतात. जवळच हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तो इथं, आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे तेव्हापासून इथलेच झाले. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की भामरागड जगापासून तुटलं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. एकटं पडण्याची गंमत ज्याला हवी त्यानं तेव्हा यावं. इथं खरं पायी कोण चालतं ते विचारलं, तर गावकऱ्यांनी यादीच सांगितली: आशाताई, नर्सबाई, शिक्षक, पोस्टमन, आणि निवडणुकीत मतदानयंत्र घेऊन जाणारे कर्मचारी. त्यांना कुणी साहसी म्हणत नाही. भत्ताही वेळेवर मिळत नाही, असं एकानं हळूच जोडलं.

परतीच्या वाटेवर धानोरा रस्त्याला मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. इथं ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीनं होतात. एक जण जरी नाही म्हणाला तरी चर्चा चालू राहते. मला त्या जंगलात एकट्यानं चक्कर मारावीशी वाटत होती, पण परवानगी मागायचं धाडस झालं नाही. गावानं बहुमतानं नाही म्हटलं असतं तर सोसलं असतं. एकमतानं सोबत दिली असती तर अख्खं गाव बरोबर आलं असतं.

शेवटचा टप्पा वडसा. सरकारी नाव देसाईगंज, पण रेल्वे आणि नाटक दोन्हीकडे वडसाच. झाडीपट्टी रंगभूमीची ही राजधानी. धान निघालं की नाटक कंपन्या इथून गावोगाव निघतात, मंडपात रात्रभर प्रयोग, पहाटेपर्यंत. गाडी सकाळची होती, म्हणून शेजारच्या गावातल्या नाटकाला गेलो. तिकीट एक. तिकीटवाल्यानं दोनदा विचारून खात्री केली. आत बसायला जागा शोधत होतो, तर एका बाईंनी चटईवर सरकून जागा दिली. "एकटेच का जी? बसा नं." बसलो. पहिल्या अंकात त्यांचं धाकटं पोरगं पेंगायला लागलं. त्यांनी सवयीनं, इकडं न पाहता, ते माझ्या मांडीवर निजवलं.

मग नाटक होतं, लावणी होती, खलनायक होता, मधे लाइट गेले, लाइट आले, पुन्हा लावणी. पोरगं ढिम्म हललं नाही. माणिकगड, पेरजागड, आलापल्ली, एवढं चालून जे पाय टिकले होते त्यांना इथं चटईवर बसल्या बसल्या मुंग्या आल्या. पहाटे पडदा पडला. बाईंनी पोरगं उचलून खांद्यावर टाकलं आणि मी मंडपाच्या खांबाला धरून उभा राहायची खटपट करत असताना म्हणाल्या, "उद्या कुरुडलेही आहे नाटक. या जी. नाहीतरी एकटेच आहात."